टोटाराचा मांडव

माझ्या सासऱ्यांना रिकामं बसता येत नाही. हा मोठा गुण आहे असं माझ्या बायकोचं, अस्मिताचं, मत आहे. ती त्यांची मुलगी आहे, तिला तसं वाटणारच. ज्याच्या घरी ते सहा महिने राहायला येतात त्या जावयाला कुणी विचारत नाही.

काशिनाथ शेवाळे हे कराडचे मंडपवाले. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याची सभा असो, वासे आणि कनाती त्यांच्याच. सगळं काम सुंभाच्या गाठींवर. वाशाला खिळा ठोकणाऱ्या गड्याला ते दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. वय झालं तेव्हा धंदा पुतण्याकडे सोपवला आणि २०१३च्या अखेरीस वनितामामींना घेऊन ते आमच्याकडे ख्राइस्टचर्चला आले. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत आहे. ते मला मकरंदराव म्हणतात आणि माझ्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. एवढा मान सांभाळणारा माणूस माझ्या गराजला मात्र विचारल्याशिवाय हात घालतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

एका संध्याकाळी मी घरी आलो तर गराजमधली प्रत्येक वस्तू लांबीप्रमाणे भिंतीला लावलेली होती. आधी शिडी, मग फावडं, मग झाडू, मग माझी क्रिकेटची बॅट, शेवटी छत्री. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायची दोरी नव्याने ताणून बांधलेली होती, इतकी घट्ट की तिच्यावर चालता आलं असतं. मग त्यांची नजर शेजाऱ्याच्या कुंपणाकडे गेली आणि मी ठरवलं, यांना घरातून बाहेर काढायला हवं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. २०११च्या भूकंपानंतर आमच्या शहरात माझ्यासारख्यांना जेवायला सवड नव्हती. सकाळी उठायचं आणि भिंतींच्या भेगा मोजत फिरायचं. त्याच ओळखीतून शहराच्या उत्तरेला असलेल्या एका फार्मचा मालक, ग्रॅहम, याने मला त्याचा जुना बार्न बघायला बोलावलं होतं. शनिवार होता. मी मामांना गाडीत घातलं.

ग्रॅहम ऐंशीच्या घरातला, एकटा, उंच, जेमतेम बोलणारा. त्याचा पणजोबा इंग्लंडमधल्या सफक परगण्यातून बोटीने इथे आला. त्याच्या गावाकडे जसे बार्न असतात तसाच त्याने इथे बांधायला घेतला. इथे ओक नव्हता म्हणून इथल्याच टोटारा नावाच्या झाडाचं लाकूड वापरलं. एका टोकाला घोड्यांची पागा, बाकी सगळी जागा गवताला आणि धान्याला. सांगाडा पूर्ण लाकडी: जाड खांब, वर तुळया, आणि दोघांना कोपऱ्यात धरून ठेवणारे तिरके धिरे. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि दोन्हींतून आरपार एक लाकडी खुंटी. घोडे जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली तरी ग्रॅहम पागेतल्या ठाणांना अजून घोड्यांच्याच नावाने ओळखायचा. भूकंपात खालचं विटांचं जोतं फुटलं आणि सगळा सांगाडा एका अंगाला कलला. पण सांधा एकही सुटला नव्हता. कंबर धरलेल्या म्हाताऱ्यासारखा तो बार्न वाकून उभा होता.

मामा आत शिरले, टोपी काढली आणि वर बघत राहिले. मग एकेका सांध्याजवळ जाऊन हात फिरवून आले.

"मकरंदराव, खिळा न्हाई एकपण," ते म्हणाले. देवळात बोलतात तसे हळू बोलले.

मी माझी मापं घेत होतो तोवर ग्रॅहम आणि मामा पूर्ण बार्न फिरून आले. ग्रॅहम इंग्रजीत सांगत होता, मामा मराठीत, आणि आपण समोरच्याला नीट समजावून देतोय याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. जेमतेम बोलणारा ग्रॅहम त्या दिवशी तोंड मिटेना.

माझं मत मी सांगितलं: सांगाडा धडधाकट आहे, पण जोतं गेलं आहे. सांगाडा सोडवून खाली घ्यायचा, काँक्रीटचं नवं जोतं घालायचं आणि तोच सांगाडा परत वर चढवायचा. ग्रॅहमने ऐकून घेतलं आणि म्हणाला की हे याच उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या हिशोबाने डिसेंबर ते मार्चमध्ये, व्हायला हवं. नाही झालं तर तो सगळं लाकूड जुन्या मालाच्या वखारीला देऊन टाकणार होता. "माझ्यात अजून एका उन्हाळ्याचं बळ नाही," एवढंच तो म्हणाला. ते त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

जुन्या लाकडाची कामं करणारा टामा नावाचा माओरी सुतार ग्रॅहमने आधीच गाठून ठेवला होता. त्या दिवसांत शहरात सुतार मिळणं म्हणजे लॉटरी लागण्यातलाच प्रकार. टामा मार्चअखेरपर्यंत मोकळा होता. त्यानंतर तो दक्षिणेला एका जुन्या चर्चच्या कामावर वर्षभरासाठी बांधला गेला होता. म्हणजे जे काय व्हायचं ते मार्चच्या आत.

जानेवारीत काम सुरू झालं. माझी साइट त्याच बाजूला होती, त्यामुळे सकाळी मामांना फार्मवर सोडायचं आणि संध्याकाळी घ्यायचं, असं पोर पाळणाघरात ठेवावं तसं माझं चालू झालं. सोबत मामींनी दिलेला डबा. ग्रॅहमला थालीपिठाची चटक लागली आणि लसणाच्या चटणीची त्याहून जास्त. टामा आणि त्याच्या दोन जोडीदारांनी फळ्या काढल्या, मग सांगाडा सोडवत आणला. प्रत्येक लाकूड ते खालच्या गवतावर मांडत गेले: खांबाशेजारी त्याचे धिरे, धिऱ्यांशेजारी त्यांची तुळई, आणि प्रत्येकावर खडूने खूण. मोठ्या लाकडांवर ग्रॅहमच्या पणजोबाच्या सुतारांनी पटाशीने कोरलेले आकडे होतेच. धिऱ्यांवर आणि लहान लाकडांवर मात्र काही नव्हतं, त्यांची सगळी भिस्त टामाच्या खडूवर.

फेब्रुवारीत उत्तरेकडे टामाची मावशी वारली. तो तिच्या तांगीला, म्हणजे अंत्यविधीला, गेला. त्यांच्यात तो कित्येक दिवस चालतो आणि नात्यातल्या माणसाला तिथे राहावंच लागतं. त्याचे जोडीदार तोवर दुसऱ्या कामावर गेले. माझीही साइट बदलली होती, त्यामुळे ग्रॅहमच आपल्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, मामांना न्यायला येऊ लागला. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मामा मला सांगायचे की माल नीट लावून ठेवतोय. मी मान डोलवायचो. दिवसभर भेगा मोजून आलेल्या माणसाला सासऱ्यांपुढे मान डोलावणं फार सोपं असतं.

टामा परत आला त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. साइटवर सगळे मला मॅट म्हणतात. तो म्हणाला, "मॅट, तू ये इकडे." पुढे काही नाही.

मी गेलो. गवतावर एकही लाकूड नव्हतं. बार्नच्या जागेशेजारी विटांच्या टेकूंवर चार थप्प्या लागल्या होत्या. एकीत सगळे खांब, दुसरीत सगळ्या तुळया, तिसरीत सगळे धिरे, लांबी बघून, टोकाला टोक जुळवून, आणि चौथीत उरलेलं लहानसहान. वर ताडपत्री, तिला मंडपवाल्यांच्या गाठी. शेजारी एका बादलीत सगळ्या खुंट्या, धुऊन वाळवलेल्या. इतकी देखणी थप्पी मी जन्मात पाहिली नव्हती.

"पाऊस येणार म्हनून रेडिओवर सारखं रेन-रेन चाललं होतं," मामा अभिमानाने म्हणाले. "आणि माल असा गवतात टाकून जातात व्हय कुणी? सगळं पुसून घेतलं. मोजताना पोरांनी लाकडांवर खडूनं रेघोट्या मारल्या होत्या, त्यापण काढल्या."

टामा एका विटेवर बसला होता. ग्रॅहम ट्रॅक्टरला टेकून उभा होता. जड लाकडं त्यानेच ट्रॅक्टरवरून उचलून दिली होती. इंजिनियरचा सासरा सांगतोय म्हणजे इंजिनियरनेच सांगितलं असणार, असा त्याने सरळ हिशोब धरला होता. मला कुणाची मान आधी पकडावी तेच कळेना.

आता यात मामांचं काय चुकलं ते सांगायला हवं. मंडपात कुठलाही वासा कुठेही चालतो. कार्य झालं की सोडायचं, पुसायचं, लांबीप्रमाणे लावायचं, ट्रकमध्ये टाकायचं. जो गडी हे नीट करतो तो चांगला गडी. मामांनी जन्मभर जे चांगलं म्हणून शिकवलं तेच त्यांनी केलं होतं. पण बार्नमधला प्रत्येक धिरा त्याच्या त्याच्या खाचेत बसवून, खरवडून, मग खुंटीचं भोक पाडलेलं असतं. दिसायला सगळे सारखे, आणि बसतो प्रत्येक जण आपापल्या एकाच जागी.

हे मी त्यांना समजावलं. माझा आवाज चढलेला होता, ते मला ऐकू येत होतं. मामा ऐकत राहिले. मग त्यांनी थप्पीकडे पाहिलं, ग्रॅहमकडे पाहिलं.

"म्हंजे हरेकाची जागा ठरलेली हाय," ते म्हणाले. "आणि ती मी पुसली."

त्यावर मला रागवता येईना.

टामाने गणित मांडलं. खांब आणि त्यांची तुळई अशी प्रत्येक चौकट जमिनीवर आडवी जुळवायची आणि एकेक धिरा एकेका खाचेत बसवून बघायचा. खुंटीच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसला, तर तो त्याच जागेचा. तो आणि त्याचे जोडीदार मिळून हे करत बसले तर उन्हाळा संपून जाईल. ग्रॅहम म्हणाला, मग वखारीला फोन करू या. कुणावर रागावला नाही तो. मामांच्या खांद्यावर हात ठेवून आत चहा करायला गेला.

त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. अस्मिता माझ्यावर तडकली की मुळात त्यांना तिकडे नेलंच कशाला. मी म्हणालो की गराजपुरतं ठेवायला हवं होतं. ती म्हणाली की मला माणसाची किंमत नाही. मामी मात्र शांत होत्या. त्यांनी मामांपुढे ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही कधी एकट्यानं मांडव उभा केलाय का? मग आत्ताच कशाला एकटं तोंड पाडून बसलाय?"

मामांनी ताटाकडे बघत मला विचारलं, "मकरंदराव, किती माणूस लागंल?"

मी म्हणालो, जितकी येतील तितकी.

"माणसं मी आणतो," ते म्हणाले, आणि जेवायला लागले. मी ग्रॅहमला फोन करून सांगितलं की वखारीला एवढ्यात कळवू नको, आणि टामालाही थांबायला सांगितलं.

शनिवारी सकाळी ते धुवट शर्ट, कोट आणि टोपी घालून मामींबरोबर रिकार्टन उपनगरात हरीशच्या वाणसामानाच्या दुकानात गेले. आमच्या शहरातला प्रत्येक मराठी माणूस आठवड्यातून एकदा तिथे पोह्यांना नाहीतर गोडा मसाल्याला येतोच. मामा दाराशी उभे राहिले, मामी हळद लावलेल्या तांदळाची वाटी घेऊन शेजारी. मराठी कानावर पडलं की मामा हात जोडून पुढे व्हायचे आणि मामी त्याच्या हातावर अक्षता ठेवायच्या. उद्या कार्य आहे, सहकुटुंब सहपरिवार यायचं, पत्ता हरीशकडे. कुणी विचारलं की कार्य कुणाचं, तर मामा म्हणायचे, "ग्रॅहमरावांकडचं." असं घरच्यासारखं आमंत्रण या देशात कुणाला मिळालेलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

रविवारी सकाळी ग्रॅहमच्या फाटकातून गाड्यांची रांग आत आली आणि मी डोक्याला हात लावला. बायका पैठण्या नेसून आल्या होत्या. पुरुष कुडत्यात, एक तर फेटा बांधून. हरीशने कुकरचा सेट आहेर म्हणून आणला होता आणि तो ग्रॅहमच्या हातात दिला. मुलांना जँडल्सवर, म्हणजे इथल्या रबरी चपलांवर, आणलेलं नव्हतं, चांगले पॉलिशचे बूट होते, आणि ते दोन मिनिटांत मेंढ्यांच्या लेंड्यांत बरबटले. "डॅड, व्हेअर इज द ब्राइड?" असं एक मुलगी मोठ्याने विचारत होती.

मामा विटांच्या ढिगावर चढले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. माझ्याकडून चूक झाली, या माणसाचं पणजोबापासूनचं घर आहे, तुम्ही हात लावलात तर उभं राहील, नाही लावलात तर मोडीत जाईल. जेवण तयार आहे, न राबता जेवून गेलात तरी राग नाही. मग राजश्री नावाची आमच्या ओळखीची एक नर्स होती, ती म्हणाली, "सेफ्टी पिना आहेत का कुणाकडे?" पैठण्या खोचल्या गेल्या, कुडत्यांच्या बाह्या वर गेल्या. ग्रॅहमने घरातले सगळे जुने शर्ट आणि गमबूट अंगणात आणून टाकले.

टामाने जोड्या लावून दिल्या. एका जोडीने धिरा धरायचा, जीभ खाचेत घालायची, तिसऱ्याने वाकून भोकाला डोळा लावायचा. नाही जमलं तर पुढच्या खाचेत. सुरुवातीला नुसती नकारघंटा. बराच वेळ गेल्यावर पहिल्या चौकटीपाशी भोकाला डोळा लावून बसलेला एक आयटीवाला ओरडला, "उजेड!" सगळे काम टाकून तिकडे धावले. टामाने वाकून पाहिलं, मान हलवली आणि स्वतःच्या हाताने त्यावर खडूची खूण केली. यावेळी मामा खडूपासून चार हात लांब उभे होते.

त्यानंतर दिवसभर माळावर कुठून ना कुठून आवाज उठत होता. टामालाही तो शब्द पाठ झाला. तो "उजेड" असा काही म्हणायचा की आम्हाला हसू आवरायचं नाही. मामींनी आणि इतर बायकांनी ग्रॅहमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. लोक पुढच्या रविवारी परत आले, आणि त्याच्या पुढच्याही, आता जुन्या कपड्यांत. तिसऱ्या रविवारी सगळे धिरे लागले आणि शेवटी पागेतली चार आखूड लाकडं उरली, ठाणांच्या आडभिंतींतली. ती चारही कुठल्याही खाचेत बसत होती आणि चारहींतून सगळीकडे उजेड दिसत होता. टामाने हात टेकले.

ग्रॅहमने त्यातलं एक उचललं. कडेवरून बोट फिरवलं. तिथे घोड्याने कुरतडल्याच्या खळग्या होत्या. "ही डचेस," तो म्हणाला. "ती डाव्या बाजूला चावायची. उजवीकडे प्रिन्स असायचा, त्याला ती घाबरायची." मग दुसरं, मग तिसरं. चौथ्यावर दातांच्या खुणा नव्हत्या; तिथे कधी घोडा राहिलाच नाही, तिथे तो स्वतः लहानपणी लपायचा. चारही लाकडं त्याने आपल्या हाताने जागेवर नेऊन ठेवली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी, काँक्रीटचं नवं जोतं तयार झाल्यावर, क्रेन आली. पहिली चौकट उचलायच्या आधी टामाने डोळे मिटून माओरीत कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हटली. नंतर मामा पुढे झाले. मांडवाचा पहिला खांब ही मुहूर्तमेढ, ती पुजल्याशिवाय त्यांनी आजवर एकही काम सुरू केलं नव्हतं. मामींनी खांबाला हळदकुंकू लावलं. आंब्याचा टहाळा आमच्या या कँटरबरी भागात कुठून मिळणार, ग्रॅहमने सफरचंदाचा तोडून दिला. चौकट हवेत उठली, नव्या जोत्यावर टेकली, आणि टामाच्या घणाखाली पहिली खुंटी आत गेली. दिवस मावळायच्या आत संपूर्ण सांगाडा उभा होता, सरळ, ताठ. ग्रॅहम खाली मान घालून चष्मा पुसत राहिला आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत राहिलो.

मग त्याच सांगाड्याखाली पंगत बसली. भात, आमटी, जिलेबी, आणि टामाच्या घरून आलेला पावलोव्हा नावाचा क्रीमचा केक. हात धुऊन लोक निघायला लागले तसे मामा उठले आणि कडेच्या खांबाशी गेले. बराच वेळ ते तिथेच उभे राहिले, दोन्ही हात खांबाला लावून. मला वाटलं, दमले. मी जवळ गेलो आणि विचारलं, काय होतंय.

"काही न्हाई, मकरंदराव. पंगत उठली की हात आपोआप गाठी सोडायला जातात." ते हसले, पण डोळे भरले होते. "कराडला जाऊन विचारा, काशिनाथानं काय काय बांधलं. दाखवायला एक काठी उभी न्हाई. सगळं माझं मीच सोडलं. ग्रॅहमरावांना सांगा, हे मातूर कुणी सोडू नका."

मी ग्रॅहमला सांगितलं. तो आला, मामांच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने आपलाही हात खांबावर ठेवला.